मोटारीची किंमत आणि सेवेची वर्गणी

वस्तूचे मूल्य चुकते केले की ती वस्तू व तिचे सर्व गुण खरेदीदाराच्या मालकीचे होतात, हा व्यवहारातील जुना आणि सर्वमान्य संकेत आहे. मोटारगाडीच्या बाबतीतही तो दीर्घकाळ पाळला गेला. इंधन, दुरुस्ती, विमा व कर यांचा खर्च मालकाला करावा लागे; परंतु गाडीत बसविलेले दिवे, भोंगा वा पंखा वापरण्यासाठी निर्मात्याला दरमहा काही द्यावे लागत नसे. अलीकडच्या काळात या संकेताला तडा गेला आहे. गाडी विकत घेतल्यानंतरही तिच्यातील काही सोयी चालू ठेवण्यासाठी मासिक वा वार्षिक वर्गणी भरावी लागते आणि वर्गणी थांबली की त्या सोयीही थांबतात. ही वर्गणी कशासाठी असते, ती कोठे न्याय्य ठरते आणि कोठे ठरत नाही, हे समजून घेणे खाजगी मोटारमालकांप्रमाणेच सार्वजनिक पैशातून वाहने घेणाऱ्या संस्थांनाही आवश्यक झाले आहे.

यंत्रणेचे स्वरूप

अशा गाड्यांना ‘कनेक्टेड कार’ म्हणजे जाळ्याशी जोडलेली मोटार असे म्हणतात. तिच्यात भ्रमणध्वनीप्रमाणे काम करणारे एक लहान उपकरण आणि सिमकार्ड कारखान्यातच बसविलेले असते. उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान ठरविणारा ग्राहकही त्यात असतो. इंजिन, ब्रेक, दरवाजे, एअरबॅग इत्यादी भागांवर देखरेख करणारे छोटे संगणक एकमेकांशी तारांनी जोडलेले असतात आणि त्यांच्याकडील माहिती हे उपकरण निर्मात्याच्या मध्यवर्ती संगणकाकडे पाठविते. उलट दिशेने, मालकाने भ्रमणध्वनीवरून दिलेली आज्ञा मध्यवर्ती संगणकामार्फत गाडीपर्यंत पोहोचते. घरात बसून गाडीचे दार बंद करणे, वातानुकूलन सुरू करणे, गाडी कोठे उभी आहे हे पाहणे, चोरी झाल्यास तिचा माग काढणे, या गोष्टी अशा रीतीने साध्य होतात.

या रचनेचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जी वाट गाडीला आज्ञा देण्यासाठी उपयोगी पडते, तीच वाट एखादी सोय दुरून चालू वा बंद करण्यासाठीही वापरता येते. वर्गणीची पद्धत रूढ होऊ शकली, ती याच तांत्रिक शक्यतेमुळे.

वर्गणीचा उगम

या सेवांचा व्यापारी आरंभ अमेरिकेत १९९६ साली झाला. जनरल मोटर्स कंपनीने त्या वर्षी आपल्या कॅडिलॅक गाड्यांसाठी ‘ऑनस्टार’ ही सेवा सुरू केली. गाडीतील कळ दाबली की केंद्रातील कर्मचाऱ्याशी थेट बोलता येई. अपघातात एअरबॅग उघडली तर केंद्राला आपोआप सूचना जाई व तेथून मदत पाठविली जाई. दूरध्वनीच्या जाळ्याचे भाडे आणि अहोरात्र कामावर असणारी माणसे यांचा खर्च प्रतिमास होत असल्याने सेवेची वर्गणीही नियतकालिक असणे स्वाभाविक होते. घरच्या दूरध्वनीचे भाडे किंवा नळाची पाणीपट्टी ज्या न्यायाने द्यावी लागते, तोच न्याय येथे लागू होता.

तीन प्रकारांतील भेद

आज वर्गणीच्या एकाच नावाखाली तीन भिन्न प्रकार एकत्र आले आहेत. त्यांतील भेद ओळखणे हा या विषयाचा गाभा होय.

पहिल्या प्रकारात सेवा देणाऱ्याला खरोखरीच सतत खर्च येतो. रस्त्यावरील गर्दीची क्षणोक्षणी माहिती, नकाशांचे अद्ययावतीकरण, मदतकेंद्र आणि गाडीतील इंटरनेट ही त्याची उदाहरणे होत. टेस्ला कंपनीने अमेरिकेत वाढीव जोडणीसाठी दरमहा ९.९९ डॉलर आकारण्यास प्रारंभ केला तेव्हा मार्गदर्शनाची मूलभूत सोय वर्गणीविना ठेवली आणि उपग्रहाने टिपलेले नकाशे व चित्रफिती यांसारख्या अधिक माहिती खर्चणाऱ्या सोयी वर्गणीत घातल्या. दराविषयी मतभेद होऊ शकेल. पण तत्त्वतः असा आकार असमर्थनीय म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात सोयीचे सर्व साहित्य गाडीत आधीच बसविलेले असते आणि ते वापरण्यासाठी बाहेरील कोणत्याही जाळ्याची गरज नसते; तरीही आज्ञावलीचे कुलूप लावून वर्गणी मागितली जाते. जुलै २०२२ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीची आसने तापविण्याची सोय काही देशांत मासिक वर्गणीवर देऊ केल्याचे उघड झाले. ब्रिटनमध्ये तिचा दर दरमहा १५ पौंड होता. तापविण्याची तार आसनात होतीच. ती वाहून नेण्याचा भारही मालकच सोशीत होता. त्यापूर्वी डिसेंबर २०२१ मध्ये टोयोटा कंपनीच्या अमेरिकेतील काही गाड्यांबाबत अशीच गोष्ट चर्चेत आली होती. हातातील किल्लीवरील कळ दाबून इंजिन सुरू करण्याची सोय प्राथमिक मुदत संपल्यावर वर्गणीवाचून बंद होत असे. वस्तुतः किल्ली आणि गाडी यांच्यातील संकेत थेट जातो. त्याला दूरसंचार जाळे लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात गाडीची शक्ती वा क्षमता वाढवून देण्याचा मोबदला घेतला जातो. मर्सिडीझ-बेंझ कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत काही विद्युत मोटारींचा वेग अधिक जलद वाढावा यासाठी वर्षाला १२०० डॉलर दराची योजना जाहीर केली. येथे मोटर तीच राहते. तिच्यावरील मर्यादा तेवढी आज्ञावलीने सैल होते. ज्याला हवे त्याने घ्यावे असे याचे समर्थन केले जाते. तथापि मूळ किमतीत नेमके काय विकले गेले, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतो.

ग्राहकांच्या विरोधाचा प्रभाव

या बाबतीत ग्राहक अगदीच हतबल असतो असे नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने आयफोन गाडीच्या पडद्याशी जोडण्याच्या ‘कारप्ले’ या सोयीसाठी अमेरिकेत पहिल्या वर्षानंतर वार्षिक ८० डॉलर आकारणे सुरू केले होते. ग्राहकांनी तीव्र नापसंती दर्शविल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये ही आकारणी मागे घेण्यात आली. आसने तापविण्याच्या वर्गणीचेही तेच झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही पद्धत थांबवीत असल्याचे सांगितले; आज्ञावलीवर आधारित सेवांची विक्री मात्र चालू ठेवली. बसविलेल्या साहित्याची वर्गणी आणि चालू सेवेची वर्गणी यांतील भेद लोकांना पटतो, हेच या दोन्ही प्रसंगांतून दिसून येते.

जाळेच बंद पडले तर?

वर्गणी नियमितपणे भरूनही सेवा कायम राहीलच असे नाही. मोटार पंधरा वर्षे टिकते. दूरसंचाराचे तंत्र मात्र त्याहून लवकर बदलते. अमेरिकेत जुने ॲनालॉग जाळे चालू ठेवण्याचे बंधन फेब्रुवारी २००८ मध्ये संपले आणि केवळ त्यावर अवलंबून असलेल्या ऑनस्टारच्या गाड्या सेवेला मुकल्या. पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी कंपनीने आपले तिसऱ्या पिढीचे जाळे बंद केले, तेव्हा अनेक कंपन्यांच्या जुन्या मोटारींतील अपघाताची आपोआप सूचना देणारी सोय निकामी झाली. गाडी धडधाकट असता तिचा एक महत्त्वाचा गुण अशा प्रकारे नाहीसा होतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

आसन तापले नाही तर कोणाचे प्राण जात नाहीत. अपघाताची सूचना वेळेवर गेली नाही तर जाऊ शकतात. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणतात आणि २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यातही या संज्ञेला स्थान मिळाले आहे. निर्जन घाटात रात्री गाडी उलटली आणि आतील माणसे बेशुद्ध झाली, तर गाडीनेच मदत मागणे हा एकमेव उपाय असू शकतो. अशा वेळी वर्गणीची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती, हे कारण कोणत्याही समाजाला मान्य होण्याजोगे नाही.

युरोपीय संघाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. ३१ मार्च २०१८ पासून नव्याने मान्यता घेणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या नमुन्यात ‘ई-कॉल’ ही यंत्रणा अनिवार्य करण्यात आली. गंभीर अपघात होताच गाडी ११२ या क्रमांकाशी आपोआप संपर्क साधते आणि स्थान, वेळ, प्रवासाची दिशा इतकी मोजकी माहिती कळविते. एरवी ही यंत्रणा गाडीचा सतत माग ठेवीत नाही. तिच्यासाठी मालकाला वर्गणी द्यावी लागत नाही, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब. जीवरक्षणाची सोय सार्वजनिक आणि करमणुकीची सोय व्यापारी, अशी स्पष्ट रेषा तेथे आखली गेली आहे.

भारतातील स्थिती

आपल्या देशात २०१९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर या गाड्या त्या वर्षी अंगभूत सिमकार्डासह बाजारात आल्या व त्यानंतर इतर निर्मात्यांनीही तोच मार्ग अनुसरला. व्हेन्यूसोबत सेवेची पहिली तीन वर्षे विनामूल्य होती. विनामूल्य काळाची ही पद्धत आकर्षक असली तरी खरेदीच्या वेळी पुढील खर्च नजरेआड होतो. समजा, मुदतीनंतर वर्गणी वर्षाला ३,००० रुपये आहे व गाडी दहा वर्षे वापरावयाची आहे; तर उरलेल्या सात वर्षांत २१,००० रुपये द्यावे लागतील. ही रक्कम गाडीच्या किमतीतच धरून तुलना करणे योग्य होय.

सार्वजनिक सेवा वाहनांची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा नव्या वाहनांत स्थाननिदर्शक उपकरण व संकटकाळी दाबावयाची कळ आवश्यक ठरविण्यात आली. तीनचाकी वाहने व ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. ‘एआयएस–१४०’ या मानकानुसार बनविलेल्या या उपकरणातही सिमकार्ड असते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण राहून गेले तर कळ जागेवर दिसते, परंतु ती दाबणाऱ्या प्रवाशाची हाक कोठेच पोहोचत नाही. बंद पडलेल्या कळीपेक्षा कळ नसलेली बरी. कारण पहिली खोटा विश्वास निर्माण करते.

माहितीची मालकी

वर्गणी पैशातच दिली जाते असे नाही. ती माहितीच्या रूपानेही वसूल होऊ शकते. गाडी कोठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोराने लावला, हे सर्व नोंदले जाते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जनरल मोटर्सविरुद्ध कारवाई जाहीर केली. चालकांच्या स्थानाची व वाहन चालविण्याच्या सवयींची माहिती त्यांच्या योग्य संमतीशिवाय गोळा करून विकली, असा आयोगाचा आरोप होता. अशी माहिती ग्राहकांची पत व इतर नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित करण्यात आली. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. माहिती घेण्यापूर्वी संमती आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क ही या अधिनियमाची महत्त्वाची अंगे आहेत.

ग्राहकाला असलेले संरक्षण

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार देणारी अट तिच्यात मोडू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ‘वर्गणीचा सापळा’ हा फसव्या प्रथांपैकी एक मानला आहे. वर्गणी बंद करण्याची वाट लपविणे, ती विनाकारण किचकट करणे, विनामूल्य सेवेसाठीही आधीच पैसे भरण्याचा तपशील सक्तीने मागणे, या गोष्टी त्यात येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या नियतकालिक वसुलीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळावी लागते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक उपलब्ध आहे.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

कार्यालये, शिक्षणसंस्था, नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांनी वाहन वा रुग्णवाहिका घेताना पुढील बाबी लेखी स्वरूपात निश्चित करून घेणे हिताचे ठरेल.

१. कोणत्या सोयी कायमच्या आहेत व कोणत्या वर्गणीवर अवलंबून आहेत, याची यादी विक्रेत्याकडून घ्यावी.

२. निविदांची तुलना करताना वाहनाच्या अपेक्षित आयुष्यातील संपूर्ण वर्गणी किमतीत मिळवावी आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद ठेवावी.

३. नूतनीकरणाची तारीख वाहनाच्या नोंदवहीत विम्याच्या तारखेशेजारी लिहावी व जबाबदार कर्मचाऱ्याचे पदनाम नमूद करावे.

४. संकटकाळच्या कळीची चाचणी ठराविक काळाने, नियंत्रण केंद्राला पूर्वकल्पना देऊन घ्यावी.

५. सेवेचे खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी भ्रमणध्वनीवर न ठेवता संस्थेच्या नावे ठेवावे. अन्यथा बदलीनंतर गाडीचा ताबाच अडचणीत येतो.

६. वाहन निर्लेखित करून विकण्यापूर्वी खाते बंद करावे आणि साठविलेली माहिती पुसून टाकावी. जुनी गाडी घेणाऱ्यानेही पूर्वीच्या मालकाचे खाते बंद झाल्याची खात्री करून घ्यावी.

शिक्षकांना हा विषय वर्गात गणित, नागरिकशास्त्र व विज्ञान या तिन्ही अंगांनी मांडता येईल. दहा वर्षांच्या वर्गणीचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः केला तर ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ त्यांना अधिक नेमकेपणाने कळेल.

नवे तंत्र नाकारण्यात शहाणपण नाही आणि सेवेचा वाजवी मोबदला देण्यात अन्यायही नाही. मात्र विकत घेतलेल्या वस्तूवरील आपला हक्क कोठे संपतो आणि दुसऱ्याची सेवा कोठे सुरू होते, ही सीमा खरेदीपूर्वीच स्पष्ट असली पाहिजे. जीवरक्षणाच्या सोयी तर वर्गणीच्या तारखेवर लटकत राहता कामा नयेत. जागरूक ग्राहक, दक्ष संस्था आणि स्पष्ट नियम यांच्या साहाय्यानेच ही सीमा योग्य ठिकाणी आखली जाईल.