जीपगाडीच्या ब्रेकची नळी घरीं कशी करावी

शेतावर खत, वैरण व माणसें वाहणाऱ्या जुन्या जीपगाड्या आपल्याकडे अद्यापि आहेत. त्यांच्या एंजिनाकडे व टायरांकडे मालकाचें लक्ष असतें. परंतु गाडीच्या सांगाड्याला धरून मागील चाकांकडे गेलेल्या, पेन्सिलीहूनही बारीक अशा नळीकडे ती फुटेपर्यंत कोणी पाहात नाहीं. ब्रेकवर पाय दाबला म्हणजे मास्टर सिलिंडरांतील ऑईलवर दाब पडतो व तोच दाब या नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोंचतो. द्रव पदार्थ दाबानें आक्रसत नाहीं, या एका गुणावर ही सारी रचना उभी आहे. जुन्या जीपेंत चारही चाकांची वाट एकच असल्यामुळें एके ठिकाणीं नळी फुटली कीं पायाचा ब्रेक चारही चाकांचा एकदम जातो. भरल्या गाडीनें घाट उतरतांना असें झाल्यास काय होईल, हें वाचकांस सांगावयास नको.

नळी दोन्हींकडून कुजते. बाहेरून चिखल व खत तिला खातात. म्युरिएट ऑफ पोटॅश हें रासायनिक दृष्ट्या एक मीठच असल्यानें त्याची पोती वाहणाऱ्या गाडीचें लोखंड लौकर गंजावें यांत नवल नाहीं. आंतून, ब्रेक ऑईल हवेंतील दमटपणा शोषून घेतें व तें पाणी नळीस गंज आणतें. जेथें नळी पट्टीनें सांगाड्यास आवळलेली असते तेथें ओला चिखल अडकून राहतो, म्हणून तपासणी तेथूनच सुरू करावी. तारेच्या ब्रशानें घासल्यावर खड्डे दिसले, तर ती नळी रंग लावून ठेवण्याच्या योग्यतेची राहिली नाहीं असें समजावें. फुटक्या नळीस डाक देणें, अथवा मधला भाग कापून पाण्याच्या नळास घालतात तसला कडीचा सांधा घालणें, हे दोन्ही उपाय आम्ही सर्वथा त्याज्य मानतों.

नवी नळी कशाची घ्यावी? जीपेस बहुधा ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची नळी लागते. तरी जुनी मापून खात्री करावी. दुहेरी भिंतीची पोलादी नळी स्वस्त व बळकट असते, पण वांकविण्यास कठीण. सुमारें ९० भाग तांबें व १० भाग निकल यांच्या मिश्रणाची नळी महाग पडते. परंतु ती हातानें वळते व गंजत नाहीं. स्वीडनच्या व्होल्व्हो कारखान्यानें १९७६ पासून आपल्या मोटारींत ती घालण्यास सुरुवात केली. घरीं काम करणारानें हीच घ्यावी असें आमचें मत आहे. शीतकपाटाच्या दुरुस्तींत वापरतात ती निव्वळ तांब्याची नळी दिसावयास तशीच असली तरी सतत हादरे बसून ती कडक होते व तडकते. ती ब्रेकला लावूं नये.

आतां मुख्य गोष्ट. या कामांत नळीपेक्षां नळीच्या तोंडाचें महत्त्व अधिक आहे. ज्या भोंकांत नळी बसते त्याच्या तळाशीं लहानसा शंकू असतो. नळीचें फाकलेलें तोंड नटाच्या जोरानें त्या शंकूवर घट्ट बसतें व ऑईल अडतें. ऑईल अडतें तें या बैठकीवर, नटाच्या आट्यांवर नव्हे. म्हणून आट्यांना सुतळी, सफेता किंवा टेप गुंडाळणें व्यर्थ होय. एकेरी फाकलेली कड पातळ असते व दाबाखालीं चिरते. याकरितां ब्रेकच्या नळीची कड आंत दुमडून दुहेरी करावी लागते. शीतकपाट दुरुस्त करणारांच्या हत्यारानें एकेरीच तोंड होतें, आणि गाडीवर बसवल्यावर तें बाहेरून ओळखूं येत नाहीं. परगांवीं नळी करून घेतल्यास ती बसविण्यापूर्वी तोंड अवश्य पाहावें.

जुनी नळी सोडवितांना नटावर अर्धगोल झालेला पाना चालवूं नये. नटाच्या बहुतेक बाजू धरणारा, नळी आंत जाण्यापुरती फट असलेला पाना मिळतो, तो घ्यावा. काढलेली नळी टाकूं नये, तीच नमुना आहे. तिच्या सर्व वळणांवरून सुतळी फिरवून लांबी घ्यावी व दोन्ही तोंडांकरितां थोडी अधिक ठेवावी. नळी फिरत्या चाकाच्या कातरीनें कापावी. करवतीनें कड वांकडी होते व कीस आंत जातो. कातरीनें तोंड किंचित् आंत दबतें, तें टोंकदार हत्यारानें मोकळें करून कड कानशीनें चौरस करावी आणि नळींत हवा फुंकून कीस काढावा. मग नट ओंवावे. दोन्ही बाजूंचे नट आधीं न ओंवतां दुसरें तोंड केल्यास तें कापून टाकण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तेवढ्यानेंच पुष्कळदां नळी आंखूड पडते.

हत्यारांत दोन भाग असतात: नळी आवळणारा दोन पट्ट्यांचा शिकंजा व स्क्रू असलेली कमान. नळी शिकंज्याच्या उतरत्या कडेच्या भोंकांतून पायरीच्या लहान ठोकळ्याच्या जाडीइतकी वर ठेवून पट्ट्या शक्य तितक्या घट्ट आवळाव्या. येथें कंटाळा केल्यास नळी खालीं सरकते व तोंड लहान होतें. नळीच्या कडेस ब्रेक ऑईलचा थेंब लावावा, ठोकळ्याची खुंटी नळींत घालावी व स्क्रू फिरवून ठोकळा पट्टीस टेंकेपर्यंत दाबावा. कड फुगून छत्रीसारखी होते. मग ठोकळा काढून नुसता शंकू दाबला म्हणजे फुगलेली कड आंत दुमडते. स्क्रू बेतानें पिळावा. अति पिळल्यास दुमड पातळ होऊन कापली जाते. कित्येक नव्या गाड्यांत तोंड फुगवलेलेंच ठेवतात, दुमडीत नाहींत. त्यांची बैठक निराळी असते. एका प्रकारचें तोंड दुसऱ्या बैठकीवर बसत नाहीं, हें लक्षांत ठेवून जुन्या तोंडाप्रमाणेंच नवें करावें.

आरंभीं हातभर नळी सरावासाठीं खर्च करावी आणि झालेलें एकएक तोंड करवतीनें उभें चिरून पाहावें. दुमड सर्व बाजूंनीं सारखी, कड मध्यावर व कोठेंही चीर नाहीं, असें लागोपाठ चार तोंडांत दिसल्याखेरीज गाडीची नळी हातीं घेऊं नये. ज्याच्या हातून हें साधत नाहीं त्यानें काम कारागिराकडे द्यावें. चाक जाम होऊं न देणारी विद्युत् योजना ज्या गाडींत आहे तिच्या नळ्यांस तर घरीं हात लावूंच नये. त्यांतील हवा काढण्यास बहुधा कारखान्याचें यंत्र लागतें.

नळी वांकवितांना वळण मोठें ठेवावें, आणि नट मागें सरकेल इतका भाग तोंडाजवळ सरळ ठेवावा. धुराड्यापासून ती दूर न्यावी, जुन्या सर्व जागीं पट्ट्यांनीं पक्की करावी. नट पहिले कांहीं आटे बोटानेंच फिरले पाहिजेत. न फिरल्यास आटे जुळत नाहींत असें समजून थांबावें. नट आवळून एकदां सैल करावा व पुन्हां आवळावा, म्हणजे तोंड शंकूवर नीट बसतें.

गाडीच्या माहितीपुस्तकांत सांगितलेलें, सीलबंद डब्यांतील ताजें ऑईल भरावें. एंजिनाचें तेल किंवा रॉकेल यांचा थेंबही नको, कारण त्यानें रबरी वाट्या फुगतात. हवा काढण्याचें काम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू करावें. एकानें पाय दाबून धरावा, दुसऱ्यानें चाकाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे बाटलींत सोडावे, आणि पाय उचलण्यापूर्वीं स्क्रू बंद करावा. टांकी रिकामी होऊं देऊं नये. नंतर पायाचा पूर्ण जोर मिनिटभर तसाच ठेवून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. पाय हळूहळू खालीं गेला किंवा कागद ओला झाला, तर गाडी जागेवरच राहूं द्यावी. सर्व कोरडें असल्यास सपाट मोकळ्या शेतांत, रिकाम्या गाडीनें, चालण्याच्या वेगावर ब्रेक अजमावावा. मग हळूहळू वेग वाढवावा. आठवडाभर रोज सकाळीं तोच कागद पुन्हां फिरवावा, आणि कोठें ओल दिसल्यास नट अधिक पिळीत न बसतां तो उघडून तोंड पाहावें.