पहिली लांब ट्रायथलॉन : पाणी, मीठ आणि सिकलसेलची चाचणी

एकाच दिवशी, मध्ये विसावा न घेता आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे, या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्यातला सर्वांत नावाजलेला लांब प्रकार म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणे. आणि हे सगळे साधारण १७ तासांच्या आत. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याच्या मनात येईलच, की हे मला जमेल का?

जमते. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झ्यूरिकची आयर्नमॅन पन्नाशीच्या उंबरठ्यावर १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. खर्च मोठा आहे हे खरे. प्रवेश शुल्क आणि चांगली सायकल दोन्ही महाग. पण शरीर तयार करायला महागडे काही लागत नाही, वेळ लागतो. सुरुवात निम्म्या अंतराने करावी आणि तिलाही सहा महिने तरी द्यावेत.

पोहण्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहतानाच झाले आहेत आणि त्यांत चाळिशीपुढचे पुरुष जास्त. उघड्या पाण्यात धरायला भिंत नसते, शेजारच्यांचे हातपाय लागतात, श्वास अडकतो. अशा वेळी उताणे व्हावे, श्वास जागेवर येऊ द्यावा. मदतीच्या होडीला धरून थांबणे नियमात बसते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. पोहणे महापालिकेच्या तलावात शिकावे. नदीत किंवा खदानीत एकट्याने सराव करणे म्हणजे जिवाशी खेळ. घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल, किंवा धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

आता खाण्यापिण्याचे. १९८२ साली हवाईच्या शर्यतीत ज्युली मॉस ही २३ वर्षांची मुलगी महिलांमध्ये सर्वांत पुढे होती. शेवटच्या टप्प्यात तिच्या पायांतले त्राण गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. अगदी शेवटी मागची स्पर्धक पुढे निघून गेली आणि ज्युलीने रांगत शेवटची रेषा गाठली. लोक तिच्या जिद्दीचे कौतुक करतात, ते योग्यच. पण आरोग्याच्या पानावर दुसरी गोष्ट सांगायला हवी. स्नायूंत साठवलेली साखर काही तासांतच संपत येते, आणि ती सरली की जिद्द पाय चालवत नाही. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असते. केळी, गूळ, खजूर चालतात. मात्र शर्यतीच्या दिवशी काहीही पहिल्यांदा खाऊ नका. जे खायचे ते सरावात पचवून पाहिलेले असावे.

पाण्याचे गणित जरा वेगळे. कमी प्यायल्याने त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे, जास्त प्यायल्यानेही जीव जातो हे फारसे माहीत नाही. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसले की रक्तातले मीठ पातळ होते, मेंदूला सूज येते. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, फिट येते. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. आपल्याला किती पाणी लागते ते घरीच कळते. तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरले तर साधारण एक लिटर घाम गेला. शर्यतीनंतर वजन वाढलेले असेल तर पिणे नक्कीच जास्त झाले. तहान लागेल तसे प्या, पाण्यात मीठ-साखर असू द्या, ओआरएसचे पाकीट उत्तम. दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन धावू नका. घामाने आटलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला घातक ठरते.

आणि आपल्या समाजाने, विशेषतः विदर्भातल्या घरांनी, एक चाचणी चुकवू नये. ती म्हणजे सिकलसेल. हा दोष आपल्या लोकांत आणि आदिवासींत बऱ्यापैकी आढळतो. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याने ही शर्यत करू नये. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो एरवी धडधाकट असतो, खेळूही शकतो, पण उन्हात, पाणी कमी पडलेले असताना जीव तोडून धावला तर त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि स्नायू मोडू लागतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंचे असे मृत्यू झाले आणि २०१० पासून तिथल्या वरच्या विभागात सिकलसेलची तपासणी आवश्यक झाली. वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, उन्हाची सवय दोन आठवडे करावी, तापात किंवा जुलाब झालेले असताना धावू नये. गोळा न येताही मांड्या आणि कंबर दुखू लागली, पाय गळाले, तर तिथेच थांबून सावलीत बसावे आणि मदत मागावी. लघवी कोकमाच्या रंगाची झाली तर थेट रुग्णालय. तिथे पहिले वाक्य हे सांगावे : “मी सिकलसेलचा वाहक आहे.”

ही चाचणी सरकारी रुग्णालयात होते. पहिली झटपट चाचणी सकारात्मक आली तर वाहक की रुग्ण हे ठरवणारी दुसरी तपासणीही मागून घ्यावी. तो कागद लग्न ठरवतानाही लागेल, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक असते. मुलींनी त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.