आत्याच्या नानकटाईचं वजन

आत्याला नानकटाईची कृती विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "दोन वाट्या मैदा, मावेल तेवढं तूप, साखर आपल्या अंदाजानं. त्यात काय आहे एवढं?" ती लपवत काही नसते. हाताला जे पाठ आहे ते तिच्या तोंडी येत नाही, एवढंच.

त्यापेक्षा ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या, 5 किलोपर्यंत तोलणारा, आणि ती नानकटाई करायला बसण्याच्या अर्धा तास आधी घरी पोचा. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप यांचे डबे झाकणासकट तोलून आकडे लिहून ठेवा. मग वेलदोडे सोला, गप्पा मारा, पण तिच्या हाताआड येऊ नका. पीठ गोळा करून झाकून ठेवलं की तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवा. दोन वजनांतला फरक म्हणजे कृती. दर वाटीला "थांब, मोजू दे" म्हटलं की तिचा हात बिचकतो, आणि बिचकलेल्या हाताची कृती लिहून काय करायचं?

सोडा तेवढा या हिशोबात सापडत नाही, कारण घरगुती काटा एका ग्रॅमच्या खाली भरवशाचा नसतो. तिला कागदावर एक चिमूट टाकायला सांगा आणि ती पाव चमच्यात भरून बघा. तिची वाटीही मोजून ठेवा. काठावर लग्नाची तारीख कोरलेली ती जुनी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि पाण्यानं भरा. जितके ग्रॅम पाणी, तितकी मिलिलिटर वाटी. 150 मिलिलिटरच्या वाटीत तूप 135 ग्रॅमच्या आसपास मावतं, मैदा मात्र 80 ते 90 ग्रॅमच. "सगळं वाटी-वाटी" म्हणणाऱ्या कृती फसतात त्या इथेच.

आमच्या आत्याचं प्रमाण असं निघालं, सोपे आकडे करून: मैदा 250 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 50, पिठीसाखर 165, साजूक तूप 210, खायचा सोडा सपाट पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि थोडं जायफळ. एवढ्यात 28 ते 30 नग होतात. तुमच्या आत्याचं प्रमाण वेगळं निघालं तर तिचंच धरा.

खरी मेख फेसण्यात आहे. आत्या अंगठी काढून ठेवते, बांगड्या कोपराकडे सरकवते आणि परातीत तूप-साखर तळहाताच्या टाचेनं फेसते, एकाच दिशेनं. सुरुवातीला तूप पिवळट आणि जड असतं, बोटांना साखर लागते. दहाएक मिनिटांनी रंग उतरतो आणि तळहात परातीवरून आवाज न करता फिरू लागतो. तूप पांढरंशुभ्र, हलकं झालं की फेसणं झालं. पाण्यात थेंब तरंगतो का ही परीक्षा उडदाच्या वड्यांची. तूप न फेसताही तरंगतंच. फेसताना तुपात हवा अडकते आणि भाजताना ती फुगून नानकटाई खुसखुशीत होते. त्यासाठी तूप थिजलेलं, मऊ लोण्यासारखं हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डब्यातलं तूप पाण्यासारखं पातळ असतं. ते थिजेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, मगच परातीत घ्या. तुपाऐवजी लोणी चालेल का, असं सुना हमखास विचारतात. लोण्यात पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. लोण्याची बिस्किटं छान होतात, पण ती आत्याची नानकटाई होत नाही.

मैदा, बेसन, रवा, सोडा एकत्र चाळून फेसलेल्या तूप-साखरेत मिसळा. मळू मात्र नका, नुसतं गोळा करा. रवा भिजायला अर्धा तास झाकून ठेवा. 25 ग्रॅमचे गोळे वळून किंचित चपटे करा, वर चारोळी दाबा आणि दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा.

आता भाजणं, आणि इथे औरंगाबादच्या छावणीतल्या बेकऱ्यांचा विषय निघणारच. शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, होतं निजामाच्या राज्यात. पण छावणीत मुक्काम होता हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा: खर्च निजामाचा, अंमलदार इंग्रज. लष्कर तिथे पाव-बिस्किटं, हे पुण्याच्या कॅम्पात कयानी बेकरीसमोरच्या रांगेत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पण आमच्यासारख्या घरांत बेकरीचा खरा उपयोग पावापेक्षा नानकटाईला. घरी ओव्हन कुणाकडे होता? दिवाळीला, मेच्या सुट्टीत, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळाआधी, सामान घेऊन बायका बेकरीवर जायच्या. तिथल्या पत्र्यांवर गोळे मांडायचे, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून एखादी खूण करायची आणि नंबर येईपर्यंत बसून राहायचं. भाजणावळ देऊन गरम नानकटाई डब्यात भरून घरी आणायची, झाकण उघडंच ठेवून, नाहीतर वाफेनं मऊ पडते.

बेकरीच्या त्या भट्टीत आधी लाकडं जाळून विटा तापवत, मग पाव लावत. पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जायचे. म्हणजे आच चहूकडून, विटांतून, आणि हळूहळू कमी होणारी. घरच्या ओटीजीत ती कांड्यांतून, जवळून येते. म्हणून ओव्हन 180 अंशांवर 15 मिनिटं चांगला तापू द्या, ट्रे मधल्या फळीवर ठेवा आणि लगेच 160 वर आणा. 20 ते 22 मिनिटं लागतात. पहिल्या खेपेला फक्त चार नग भाजा. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव निराळा असतो आणि बटणावर लिहिलेलं तापमान तो पाळेलच असं नाही.

ओव्हन नसला तर जाड बुडाची कढई किंवा जुना कुकर घ्या. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून टाका. तळाला बोटाच्या पेरभर मीठ, त्यावर जाळी, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं, मग ताटली आत ठेवून मंद आच, 25 मिनिटांपर्यंत. वरून रंग फारसा येत नाही, पण खालची बाजू बदामी झाली की झाली. गरम असताना नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली समजून परत आत ढकलू नका. ताटलीतच 10 मिनिटं निवू द्या.

पसरून भाकरी झाली, तर तूप पातळ होतं किंवा जास्त पडलं. उरलेले गोळे फ्रिजमध्ये गार करून लावा. भेगाच पडल्या नाहीत आणि दगड झाला, तर पीठ मळलं गेलं. साबणासारखी चव आणि पिवळट डाग आले तर सोडा जास्त झाला.

एवढं करूनही कुणीतरी म्हणणार, "बेकरीवरची चव नाही." बरोबर आहे. त्या काळी अनेक घरांत सणाच्या नानकटाईत डालडा असायचा, साजूक तूप मोदकांसाठी राखून. तो तुपापेक्षा उशिरा वितळतो, म्हणून नग उभे राहत. तोच डालडा आता आणायचा म्हटला तरी मिळणार नाही: 1 जानेवारी 2022 पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे वनस्पती बनवण्याची रीतच बदलली. माझ्या मते हे बरंच झालं. जुन्या चवीसाठी आत्याच्या नातवंडांच्या रक्तवाहिन्या पणाला लावायचं कारण नाही. त्या ठिसूळपणाच्या जवळ जायचं तर 50 ग्रॅम मैदा कमी करून तेवढंच बेसन वाढवा.

पहिला घाणा आत्याला चाखायला द्या आणि "कशी झाली?" असं विचारू नका, कारण ती "छान" म्हणेल. "काय कमी आहे?" विचारा. कृती सांगता न येणारी माणसं चुका मात्र अचूक काढतात: जायफळ मागे पडलं, रवा जाड आहे, साखर आधी चाळली नव्हती. हे सगळं वहीत तारखेसकट, महिना आणि तुपाची जात लिहून ठेवा.

आणि एकदा तरी भट्टीवर भाजून आणायची इच्छा असेल, तर तुमच्या भागात लाकडाची भट्टी असलेली बेकरी शोधा आणि सामान न्यायच्या आधी विचारून या: घरचं भाजून देता का, कधी, भाजणावळ काय. दुपारची वेळ मागा. दिवाळीच्या आणि नाताळच्या आधीचा आठवडा टाळा. छावणीत जाणार असाल तर गुरुवारही टाळा. त्या दिवशी आठवडी बाजार असतो, आणि उघड्या झाकणाचे डबे घेऊन त्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत निम्मी नानकटाई पोरांच्या पोटात गेलेली असेल.