उत्कृष्ट खेळाडूचा मान आणि खो-खोचा गुणतक्ता

सांघिक खेळात विजय संघाचा असतो. मग त्या संघातून एकालाच उत्कृष्ट खेळाडू ठरवावयाचे ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न जगभर पडत आला आहे. फुटबॉलच्या जगाने तो मतदानाने सोडविला. ‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकाने १९५६ साली क्रीडापत्रकारांची मते मागवून युरोपातील उत्कृष्ट खेळाडूस सोन्याचा चेंडू देण्याची प्रथा सुरू केली. पहिला मान इंग्लंडचे स्टॅन्ले मॅथ्यूज यांना वयाच्या ४१ व्या वर्षी मिळाला. १९६३ साली तो सोव्हिएत संघाचे लेव याशिन यांच्याकडे गेला. याशिन हे गोलरक्षक होते. त्यांच्यापूर्वी वा नंतर दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकास हा चेंडू मिळालेला नाही. यात नवल नाही. केलेला गोल सर्वांच्या लक्षात राहतो, अडविलेला गोल फलकावर कोठेच लागत नाही.

ज्या वर्षी याशिन यांचा गौरव झाला, त्याच १९६३ साली आपल्याकडे इंदूर येथील राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडूसाठी वैयक्तिक पुरस्कारांची प्रथा पडली. खो-खोचे नियम पुण्यात १९१४ च्या सुमारास प्रथम बांधले गेले, तरी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर येथे स्त्रियाही मैदानात उतरल्या. पुरुषांच्या पुरस्कारास एकलव्याचे नाव मिळाले, स्त्रियांच्या पुरस्कारास राणी लक्ष्मीबाईचे. पुढे वयोगटांप्रमाणे आणखी पुरस्कार आले : कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी आणि चौदा वर्षांखालील मुलामुलींसाठी अनुक्रमे भरत व इला. प्राथमिक शाळेतील सातवीच्या मुलाला एकलव्य पुरस्कार फार दूरचा वाटेल, परंतु भरत पुरस्काराचे वय त्याचेच आहे.

शासकीय सन्मानाची कथा निराळी आहे. भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमध्ये तो पहिल्याच वर्षी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. खो-खोत तो प्रथम १९७० साली बडोद्याचे सुधीर परब यांना लाभला. १९९८ नंतर मात्र तब्बल बावीस वर्षे एकाही खो-खो खेळाडूस अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळे यांच्यामुळे हा खंड संपला. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताचे दोन्ही संघ विजयी झाले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

अर्जुन आणि एकलव्य ही नावे शेजारी आली की वर्गात कथा सांगण्याची संधी आपोआप येते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील शाळांत ती विशेष जपून सांगावी. गुरुदक्षिणेची थोरवी सांगून शिक्षक बहुधा थांबतात. द्रोणांनी त्या मुलाला प्रथम शिष्य म्हणून नाकारले होते, हा भाग घाईने उरकला जातो. मुले तो भाग विसरत नाहीत. आपल्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांना २०१२ साली आणि तळेगाव रोही येथील नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांना २०२० साली पुरस्कार मिळाला तो अर्जुनाच्या नावाचा. परंतु दोघांच्या वाटेचा आरंभ एकलव्याच्याच रानातून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. खो-खोचे वैशिष्ट्य असे की, या खेळात आक्रमण आणि संरक्षण या दोहोंची नोंद कागदावर उतरते. कोणता संरक्षक किती वेळाने बाद झाला आणि त्याला कोणी बाद केले, हे गुणलेखक लिहीत जातो. याशिनसारख्याचे काम येथे अदृश्य राहत नाही. मैदानात टिकून राहिलेला प्रत्येक सेकंद त्याच्या नावावर जमा होतो. असे असता केंद्र किंवा बीट स्तरावरील स्पर्धांत उत्कृष्ट खेळाडू कसा निवडला जातो? पुष्कळदा शेवटच्या मिनिटाला ज्याने सूर मारला तोच पाहुण्यांच्या लक्षात असतो आणि ढाल त्याला मिळते. कधी यजमान शाळेचे मन राखले जाते. पहिल्या पाळीत निमूटपणे खेळून संघ तारणारी मुलगी टाळ्या वाजवीत उभी राहते. तिला झालेला अन्याय कोणी बोलून दाखवीत नाही, पण पुढच्या वर्षी ती मैदानावर येत नाही.

यासाठी सहावी-सातवीच्या दोन विद्यार्थ्यांना गुणतक्ता व घड्याळ देऊन बसवावे. एकाने वेळ सांगावी, दुसऱ्याने लिहावी. येथे एक चूक हटकून होते. संरक्षक मैदानात आला तेव्हा घड्याळात १ मिनिट ५० सेकंद झाले होते आणि तो बाद झाला तेव्हा ३ मिनिटे २५ सेकंद. वर्तमानपत्रांत अशा वेळा ‘१.५०’, ‘३.२५’ अशा टिंब देऊन छापतात. मुले त्यांना दशांश अपूर्णांक समजून वजाबाकी करतात आणि उत्तर १.७५ काढतात. खरे उत्तर १ मिनिट ३५ सेकंद. मिनिट मोडले की साठ सेकंद मिळतात, शंभर नव्हे, हे फळ्यावर दहा उदाहरणांनी जे उमगत नाही ते मैदानावर एका सामन्यात उमगते. कारण चाळीस सेकंद फुकट मिळाले तर दुसरा संघ गप्प बसत नाही.

आकड्यांनी सर्व काही कळते असे मात्र नाही. ज्याने गडी बाद केला त्याचे नाव तक्त्यात येते. योग्य क्षणी खो देऊन सावज त्याच्या हाती आणून देणाऱ्याचे येत नाही. हूल देऊन संरक्षकाला खांबाकडे रेटणारा आक्रमकही तक्त्यात दिसत नाही. म्हणून तक्त्यात ‘खो उपयोगी पडला’ असा आणखी एक रकाना आखावा आणि तो भरण्याचे काम खेळ जाणणाऱ्या शिक्षकाने, शक्यतो तिसऱ्या शाळेच्या शिक्षकाने, करावे. बक्षीस देण्यापूर्वी दोन्ही संघांसमोर तक्ता मोठ्याने वाचून दाखवावा. हरकत आल्यास बेरीज तेथेच पुन्हा करावी. भरलेला तक्ता शाळेच्या दप्तरी ठेवावा. तालुका स्पर्धेसाठी संघ निवडताना तोच उपयोगी पडेल.