मुदतीचे इंग्रजी शब्द : व्यापाऱ्याने ओळखायचा फरक

व्यापारी बंधूंनो, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. पण मुदतीचा शब्दच नीट कळला नाही तर लिहिणार काय? पुसदच्या बाजारातील आपली माणसे तोंडी हिशेबात पक्की असतात. मात्र इंग्रजी कागद आला की तो वकिलाच्या भरवशावर बाजूला ठेवतात. म्हणून ठराविक काळाने येणाऱ्या गोष्टींचे इंग्रजी शब्द आज समजून घेऊ.

आपल्या भाषांतही असा घोटाळा आहेच. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे ‘सेहमाही’ इम्तिहान म्हणजे तीन महिन्यांचा. मराठीत ‘सहामाही’ म्हणजे सहा महिन्यांची परीक्षा. कानाला दोन्ही सारखेच, मुदत मात्र दुप्पट!

इंग्रजीतील असाच जोडा म्हणजे ‘बायअ‍ॅन्युअल’ आणि ‘बायेनियल’. पहिल्याचा अर्थ वर्षातून दोनदा, दुसऱ्याचा दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेचे एक तृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, म्हणून त्या निवडणुकीला ‘बायेनियल’ म्हणतात. कापड दुकानदाराने आपला मीटर आठवावा. वैध मापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वजने व लांबीची मापे यांची फेरतपासणी २४ महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची १२ महिन्यांनी करावी लागते. म्हणजे मीटर ‘बायेनियल’ आणि काटा ‘अ‍ॅन्युअल’. एकाच दुकानात दोन मुदती आहेत. दोन्ही तारखा वेगळ्या लिहाव्यात.

‘बायमंथली’ हा शब्द तर फारच फसवा. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण ‘बायमंथली’ म्हणजे दर दोन महिन्यांनी येते. पण इंग्रजीत हाच शब्द महिन्यातून दोनदा या अर्थानेही चालतो. करारात किंवा उधारीच्या पत्रात हा शब्द दिसला तर सही करण्यापूर्वी तो खोडून ‘दर ६० दिवसांनी’ किंवा ‘दर १५ दिवसांनी’ असे लिहून घ्यावे.

‘ट्रायेनियल’ म्हणजे तीन वर्षांनी येणारे. आपण अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो म्हणतो, पण तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्ने नसतात, तेव्हा बस्त्याचा माल भरताना पंचांग पाहावे.

‘क्वाड्रेनियल’ म्हणजे चार वर्षांनी येणारे. नगरपरिषदेची ‘चतुर्थ वार्षिक’ कर आकारणी ती हीच. १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चार वर्षांतून एकदा नवी आकारणी यादी करावी लागते. हरकत घ्यायची मुदत नोटिशीत दिलेली असते. ती हुकली तर चढा कर पुढच्या आकारणीपर्यंत भरावा लागू शकतो.

‘क्विन्क्वेनियल’ म्हणजे पाच वर्षांनी, ‘डिसेनियल’ म्हणजे दहा वर्षांनी. जनगणना १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी झाली. २०२१ ची मात्र लांबली. शब्दावरून तारीख नक्की समजू नये, हा त्यातला धडा.

शेवटी साधा वाटणारा ‘अ‍ॅन्युअल’ म्हणजे सालाना. जकातीचे साल चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. चोपडीचे साल एप्रिल ते मार्च, ३६५ दिवसांचे. जो मार्चअखेरीच्या हिशेबावरच जकात काढतो, त्याचे दरवर्षी ११ दिवस मागे राहतात. ३२ वर्षांत चंद्राची ३३ वर्षे होतात, म्हणजे एका पूर्ण वर्षाची जकात गरिबांच्या हक्कातून कमी जाते. यासाठी हिजरी तारीख ठरवून घ्यावी आणि आलिमांचा सल्ला घ्यावा.

थोडक्यात, कागद हाती आला की मुदतीच्या शब्दाखाली रेघ ओढावी, त्याचे महिने करावेत आणि पुढची तारीख चोपडीच्या पहिल्या पानावर लिहावी. शब्दात दोन अर्थ निघू शकतात, तारखेत नाही. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.