आग विझल्यानंतर : फायर मार्शलचे काम आणि त्याचे शास्त्र

घणघण घंटा वाजवीत आगीचा बंब रस्त्यावरून धावू लागला की आपण सारे खिडकीशी धावतो. पाण्याचे फवारे, उंच शिडी, शिरस्त्राण घातलेले जवान हे दृश्य पाहताना डोळ्याचे पाते लवत नाही. मग आग विझते, बंब परत जातो, गर्दी पांगते. आपल्या दृष्टीने गोष्ट संपलेली असते.

पण अमेरिकेतील एखाद्या शहरात याच वेळी एक माणूस कामाला सुरुवात करतो. हातात विजेरी, कॅमेरा, फावडे, मोजपट्टी आणि वही घेऊन तो त्या ओल्या, काळ्या राखेत शिरतो. आग कोठे लागली, कशाने लागली आणि ती पुन्हा लागू नये म्हणून काय करावयास हवे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावयाची असतात. या अधिकाऱ्याला तेथे 'फायर मार्शल' म्हणतात.

प्रत्येक शहरात या पदाचे रूप एकच नसते. न्यूयॉर्कमध्ये फायर मार्शल हा मुख्यतः आगीच्या कारणांचा तपास करणारा अधिकारी असतो. तो अग्निशामक दलाच्या जवानांतूनच निवडला जातो आणि त्याला पोलिसांसारखे अधिकार असतात. इतर अनेक शहरांत मात्र इमारतींचे नकाशे तपासणे, शाळा, नाट्यगृहे व कारखाने यांची पाहणी करणे आणि लोकांना शिक्षण देणे हेच त्याचे मोठे काम असते. (आपल्याकडील काही कचेऱ्यांत, आग लागल्यास लोकांना बाहेर नेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही 'फायर मार्शल' म्हणतात. तो वेगळा.)

एका कुलपाची किंमत

आग विझविण्यापेक्षा ती लागू न देणे शहाणपणाचे, हे आपणा सर्वांना पटते. पण शहरांना ते फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले आहे.

२५ मार्च १९११. शनिवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कमधील एका दहा मजली इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर 'ट्रायंगल' नावाचा, स्त्रियांचे पोलके शिवण्याचा कारखाना होता. काम सुटण्याच्या सुमारास आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या टेबलाखालील चिंध्यांनी पेट घेतला. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्याला दूरध्वनीने सूचना गेली, पण नवव्या मजल्याला कोणीच कळविले नाही. तेथल्या मुलींना आग दिसली तेव्हा ती दारात येऊन ठेपली होती. एका जिन्यात ज्वाळा होत्या. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. कामगारांनी कापड चोरून नेऊ नये म्हणून एकाच दाराने सर्वांची झडती घेऊन सोडण्याची तेथे पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना गर्दीच्या भाराने कोसळला. बंब लवकर पोहोचले, पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच जात होत्या. १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. काही तर तुमच्याच वयाच्या होत्या.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि ती खरोखरच अग्निरोधक होती! ती आजही उभी आहे आणि तिच्यात विद्यापीठाचे वर्ग भरतात. इमारत वाचली, माणसे वाचली नाहीत. म्हणजे भिंती न जळणे वेगळे आणि माणसांना बाहेर पडता येणे वेगळे.

शहराच्या फायर मार्शलने तपासाअंती सांगितले, की न विझविता टाकलेली काडी किंवा सिगारेट चिंध्यांच्या पेटीत पडून आग लागली असावी. मालकांवर खटला झाला, पण दार बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. मात्र त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आग प्रतिबंधासाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले. पुढील दोन-तीन वर्षांत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी तीसहून अधिक कायदे झाले. आगीपूर्वीच इमारतीत शिरून 'हे दार उघडे ठेवा' असे सांगण्याचा अधिकार असलेला अधिकारी शहरांना हवाहवासा वाटू लागला.

दार किती रुंद हवे?

पाहणी करणारा अधिकारी नुसत्या अंदाजाने बोलत नाही, तो गणित करतो. अमेरिकेत सामान्यतः वापरला जाणारा एक हिशेब असा : सपाट मार्गावरील दारासाठी दर माणशी ०.२ इंच आणि जिन्यासाठी दर माणशी ०.३ इंच रुंदी धरावी. ३२ इंच मोकळी रुंदी असलेले दार म्हणजे ३२ ÷ ०.२ = १६० माणसे. ४४ इंच रुंदीचा जिना म्हणजे ४४ ÷ ०.३ = १४६ माणसे. हा शेवटचा आकडा तुम्ही वर कोठे वाचला, ते आठवा. योगायोगच, पण विसरू नये असा.

जिन्याला दारापेक्षा जास्त रुंदी का लागते? कारण पायऱ्या उतरताना माणसाची गती कमी होते, तोल सांभाळावा लागतो आणि दोघांमधील अंतर वाढते. तसेच, जेथे पुष्कळ माणसे जमतात तेथील दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे लागते. दार आत उघडणारे असेल, तर मागच्यांच्या रेट्याने पुढचा माणूस दारावर दाबला जातो आणि दार उघडायला जागाच राहत नाही. गर्दीचे बल आणि दार उघडण्याची दिशा एकच असली पाहिजे, एवढा साधा भौतिकशास्त्राचा नियम त्यामागे आहे.

राखेतील खुणा

आता तपासाकडे वळू. जळणाऱ्या वस्तूवरील तप्त वायू हलके होऊन वर चढतात आणि चढता चढता पसरतात. त्यामुळे भिंतीलगत काही जळाले, की भिंतीवर बहुधा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी काळी खूण उमटते. तिचे टोक खाली, आगीच्या जागेकडे असते. वितळलेले धातू तापमान सांगतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. ॲल्युमिनियमची पट्टी वितळली आहे, पण शेजारची तांब्याची तार शाबूत आहे, तर तेथील तापमान साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये होते असे म्हणता येते.

पण खुणा वाचणे दिसते तितके सोपे नाही. 'शॉर्ट सर्किटने आग' हे शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. तारेच्या टोकाला वितळलेल्या तांब्याचा मणी सापडला, तर ठिणगी उडाली होती हे नक्की. पण ठिणगीमुळे आग लागली, की आगीत तारेवरचे वेष्टन जळाल्यामुळे ठिणगी उडाली? मणी दोन्ही वेळा सारखाच दिसू शकतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविण्यासाठी आणखी पुरावा लागतो.

जाणकारांची चूक

अमेरिकेत कित्येक वर्षे तपास करणारे अधिकारी एकमेकांकडून तोंडी शिकत. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले, की आग फार वेगाने तापली, म्हणजे कोणीतरी पेट्रोलसारखा द्रव ओतला होता, असे ते मानीत. जमिनीवर थारोळ्यासारखे जळके डाग दिसले तरी तोच निष्कर्ष निघे. हे सारे अनुभवी लोक सांगत, म्हणून खरे मानले जाई. प्रयोग करून कोणी पाहिलेच नव्हते.

१९९० साली फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे एका घराला आग लागून सहा जण मरण पावले. घरमालकाचे म्हणणे असे, की लहान मुलाच्या खेळण्यातून सोफा पेटला. जमिनीवरील डागांवरून तपासनीसांना वाटले, की त्यानेच ज्वालाग्राही द्रव ओतला. खात्री करण्यासाठी सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी शेजारचेच, जवळजवळ तसेच व पाडायचे ठरलेले घर घेतले, आत तसेच सामान मांडले आणि कोणताही द्रव न ओतता फक्त सोफा पेटविला. सुमारे साडेचार मिनिटांत सारी खोली भडकली आणि मागे राहिले ते थारोळ्यासारखेच डाग! घरमालकावरील आरोप मागे घेण्यात आले.

असे का झाले? सोफा जळताना तप्त धूर छताखाली साचतो. त्याचे तापमान ६०० अंशांच्या आसपास पोहोचले, की त्या थरातून उष्णतेचे प्रारण खाली येऊ लागते. जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे २० किलोवॉट, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या वीसपट! मग खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकदमच पेटतात. या अवस्थेला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. ती आल्यावर जमीनही जळते आणि डाग पडायला पेट्रोलची गरज उरत नाही. काचेचे कोडेही पुढे प्रयोगशाळेत सुटले. बारीक तडे पडतात ते काच वेगाने तापल्यामुळे नव्हे, तर तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यामुळे. म्हणजे तो पुरावा बहुधा बंबाच्या पाण्यानेच तयार केलेला असे.

ही केवळ शास्त्रातील एक दुरुस्ती नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सास राज्यातील कॉर्सिकाना येथे एका घराला आग लागून तीन लहान मुली दगावल्या. त्यांचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचले. तडे गेलेली काच, जमिनीवरील डाग अशा खुणांवरून तपासनीसांनी न्यायालयात सांगितले, की आग मुद्दाम लावलेली आहे. वडिलांना देहान्ताची शिक्षा झाली. शिक्षेच्या अंमलबजावणीपूर्वी एका रसायनशास्त्रज्ञाने या पुराव्यातील चुका लेखी दाखवून दिल्या. त्याचा उपयोग झाला नाही. १७ फेब्रुवारी २००४ रोजी शिक्षा अमलात आली. २००९ साली टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने अहवाल दिला, की आग लावण्यात आली या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नव्हता. पण तोपर्यंत पाच वर्षे उलटून गेली होती.

१९९२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेने तपासाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सार असे : निरीक्षण करा, माहिती गोळा करा, शक्य ती सर्व अनुमाने मांडा, प्रत्येक अनुमान पुराव्यावर घासून पहा; एकही टिकले नाही, तर 'कारण अनिश्चित' असे लिहा. 'मला ठाऊक नाही' असे लिहिता येणे हीसुद्धा या पदाची एक पात्रताच आहे.

पात्रता कोणती?

नियम शहराशहरांत निराळे असले, तरी मार्ग साधारण असा असतो. शालेय शिक्षण, अग्निशामक दलात काही वर्षे प्रत्यक्ष काम, मग पाहणी आणि तपास यांचे प्रशिक्षण व परीक्षा. अनेक ठिकाणी पदवीही लागते. उमेदवाराला ज्वलनाचे रसायनशास्त्र, विजेची मूलतत्त्वे, इमारत बांधणी आणि कायदा यांचे ज्ञान हवे. नकाशा वाचता यायला हवा. अहवाल स्वच्छ भाषेत लिहिता यायला हवा, कारण तो न्यायाधीशांपुढे जातो. आणि मोठ्या दुकानदारालाही 'हा मार्ग मोकळा करा' असे नम्रपणे पण ठामपणे सांगण्याचे धैर्य हवे.

आपल्या महाराष्ट्रात या नावाचे सरकारी पद नाही. पाहणीचे काम महापालिकांच्या अग्निशमन दलांचे अधिकारी करतात. विजेच्या अपघातांत विद्युत निरीक्षक आणि गुन्ह्याचा संशय असल्यास पोलीस व न्यायवैद्यक प्रयोगशाळा तपास करतात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार, इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते. या क्षेत्रात शिरू इच्छिणाऱ्यांसाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो.

करून पहा

येत्या शनिवारी शिक्षकांच्या परवानगीने चार-पाच जणांचा गट करा आणि आपल्या शाळेची पाहणी करा.

१. प्रत्येक दाराची व जिन्याची मोकळी रुंदी मोजा. वरील हिशेबाने किती मुले बाहेर पडू शकतील? पटावरील संख्येशी ताडून पहा.

२. सभागृहाचे दार कोणत्या बाजूस उघडते?

३. जिन्याखाली मोडकी बाके, रद्दी साठवली आहे का?

४. अग्निशामक नळकांड्यावर दाबमापक असेल, तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? तपासणीची तारीख उलटून गेली आहे का?

५. शाळा भरलेली असताना कोणत्या दाराला कुलूप असते? त्याची किल्ली कोणाजवळ असते?

आढळले तेवढेच लिहा. अंदाज लिहिलात, तर तो अंदाज आहे असे नमूद करा. मग अहवाल मुख्याध्यापकांना द्या. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी तोंडी सांगा.