रीडिंग घे, मगच गेट उघड

चि. अमेय यास,


तुझ्या पोहण्याच्या तलावाचा फोटो मिळाला. पाणी आरस्पानी दिसतंय, कौतुक वाटलं. पण निळ्या फरशीवर कुठलंही नितळ पाणी निळंच दिसतं आणि नितळ पाण्यातही क्लोरीन शून्य असू शकतं. माझं लक्ष गेलं ते मागे क्लोरीनसाठी रचून ठेवलेल्या टीसीसीएच्या डब्यांकडे. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

आधी तपासणीचं. सकाळी सहाची बॅच असेल, तर साडेपाचला नमुना घे. इनलेटजवळचं पाणी नको, तिथे ताजा डोस येत असतो, आकडा फुगतो. शॅलो एंडला, जिथे पोरांची गर्दी असते तिथे, हात कोपरापर्यंत बुडवून बाटली उपडी आत ने आणि खाली गेल्यावर सरळ कर. नळी हलवताना तोंडावर अंगठा ठेवायचा नाही, टोपण लाव. पिवळ्या थेंबांचं किट असेल तर ते बाजूला ठेव. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं कामाचं किती, हे त्याला कळत नाही. डीपीडीच्या गोळ्या मागव. एक नंबरची गोळी मुक्त क्लोरीन सांगते, त्याच नळीत तीन नंबरची टाकली की एकूण कळतं. दोहोंतला फरक म्हणजे घाम आणि लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरीन. मुक्त एक ते तीन पीपीएम, फरक 0.2 च्या आसपास किंवा कमी, पीएच 7.2 ते 7.6, एवढं सांभाळ. आणि एक चकवा लक्षात ठेव. क्लोरीन फारच चढलं असेल, तर गुलाबी रंग उमटतो आणि लगेच उडून जातो. नवखा माणूस शून्य समजून वर आणखी डोस मारतो. शंका आली तर नमुन्यात निम्मं बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा बघ आणि आलेला आकडा दुप्पट कर.

सभासद म्हणतील, ‘आज क्लोरीन जास्त झालंय, वास मारतोय, डोळे चुरचुरतायत.’ बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो. तो वास वापरून झालेल्या, बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये पाण्यातल्या कृत्रिम साखरेच्या अंशावरून हिशेब मांडला, तेव्हा सुमारे 8 लाख 30 हजार लिटरच्या एका तलावात 75 लिटर लघवी निघाली. तेव्हा शॉवर घेतल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नकोस, मग तो क्लबचा चेअरमन का असेना. पीएचही विसरू नकोस. 7.2 ला क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या जोरदार रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव.

आता त्या डब्यांचं. टीसीसीए सोयीचं आहे, पण त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात पडतं. थोडं असलेलं बरं, कारण सोलापूरच्या उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन त्याच्याशिवाय दोन-तीन तास टिकत नाही. तीस ते पन्नास पीपीएम ठीक. पुढे मात्र तेच क्लोरीनला धरून ठेवतं, सुटूच देत नाही. दहा पीपीएम क्लोरीनमागे साधारण सहा पीपीएम सायन्युरिक वाढतं. रोज दोन पीपीएम खर्च होत असेल, तर महिन्यात छत्तीस झाले! क्लोरीन उडून जातं, हे उडत नाही. बॅकवॉशमध्ये जाईल तेवढंच. म्हणजे मार्चमध्ये सुरू केलेला तलाव ऐन मे महिन्याच्या शिबिरात शंभराच्या घरात. नोंदवहीत क्लोरीन दोन पीपीएम लिहिलेलं असतं आणि पाण्यावर शेवाळाची हिरवी झाक येते. मग लोक दोष उन्हाला देतात. शंभर झालं की गाळून, तुरटी टाकून काही होत नाही. पाणी काढून नवं भरावं लागतं आणि उन्हाळ्यात टँकर कितीला पडतो ते तू जाणतोसच.

कुणी सांगितलं म्हणून पाण्यात काही ओतू नकोस. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कंत्राटदाराने 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्याने क्लोरीन निकामी झालं आणि डायव्हिंगचा तलाव जगासमोर हिरवा पडला. ऑलिंपिकची ही कथा, तर आपलं काय!

कोठीत टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नकोस, दोन्हींना एकच चमचा तर अजिबात नको. एकत्र आले तर पेट घेतात. ॲसिड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) एकत्र आले की विषारी वायू. पाण्यात केमिकल टाकायचं, केमिकलवर पाणी नाही.

एखाद्या पोराला पाण्यात जुलाब झाले तर सगळ्यांना तत्काळ पाण्याबाहेर काढ. ई. कोलाय एक पीपीएमला मिनिटभरात मरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम त्याच पाण्यात दहा दिवस तग धरतो. त्याला मोठा डोस आणि बरेच तास लागतात आणि सायन्युरिक चढलेलं असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

मॅनेजर म्हणेल, बॅच भरलीय, बंद कसं ठेवायचं? वाद घालू नकोस, नोंदवही पुढे कर. घरात बसून भरलेली वही मात्र कुणाला दाखवू नकोस, ती लगेच ओळखू येते. रोज 1.5, 1.5, 1.5 असं पाणी कधीच वागत नाही.

सायन्युरिक तपासायचं किट या आठवड्यात मागव आणि आकडा मला फोनवर कळव. तोवर टीसीसीएचा नवा डबा उघडू नकोस, हायपोवर चालव.

तुझा,
सदामामा